मुलांना साथ कशी द्यायची? मुलीच्या मल्लखांबातून मी शिकले ते सगळं

माझी लेक आता आठवीत आहे आणि गेली चार वर्षं दोरीचा मल्लखांब करतीये. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. शाळेच्या ग्रुपवरच्या बऱ्याच आया मला विचारतात की तिला एवढी आवड कशी लागली, तुम्ही काय केलं. म्हणून एकदा नीट लिहून काढते. मल्लखांबाऐवजी तबला, बुद्धिबळ, चित्रकला काहीही धरा, घरात करायच्या गोष्टी साधारण त्याच आहेत.

सगळ्यात आधी बघा की ही आवड मुलाची आहे का आपली. मी स्वतः तिला भरतनाट्यमला घातलं होतं कारण मला लहानपणी शिकायला मिळालं नाही, वर्षभर ती रडतरडत गेली. मग टिळक रोडला महाराष्ट्रीय मंडळात भाचीला सोडायला गेलो होतो तिथे हिने मल्लखांब पाहिला आणि घरी येऊन माझी ओढणी खिडकीच्या गजाला बांधून लोंबकळायला लागली. न सांगता, रोज. मूल कुणी न सांगता जे परत परत करतं ना, ते लक्षात ठेवा. लगेच वर्षाची फी भरू नका, आधी दोन महिने जाऊ दे.

मग येतं कौतुक, आणि इथे माझं खूप चुकलं. मी सारखी म्हणायचे, तू हुशारच आहेस गं, तुला काय अवघड. १९९८ मध्ये अमेरिकेत क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले होते, काही मुलांना कोडी सुटल्यावर "तू हुशार आहेस" म्हटलं आणि काहींना "तू मेहनत केलीस" म्हटलं. हुशार म्हटलेली मुलं नंतर सोप्याच गोष्टी निवडायला लागली आणि एकदा अपयश आल्यावर पुढची कोडीसुद्धा कमी सोडवली, मेहनत म्हटलेल्या मुलांचं उलटं झालं. हे वाचलं तेव्हा मला एकदम उलगडलं की माझी लेक नवीन अढी (दोरीला पायांनी घालायची पकड) शिकायला का टाळतीये, पडली तर हुशार कशी राहणार ती? तेव्हापासून मी जे डोळ्यांनी दिसतं तेच बोलते. "आज हात सोडल्यावर तू घाई नाही केलीस, थांबलीस." एवढंच. त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी मोबाईल पर्समध्ये ठेवून प्रॅक्टिस बघावी लागते, त्याला पर्याय नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हरल्यानंतरचा घरी यायचा रस्ता. दोरीच्या मल्लखांबात दोरी पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात घट्ट धरायची असते, दोरीला कुठेही गाठ नसते, सगळा भार त्या पकडीवर. सहावीत असताना स्पर्धेत तिची पकड सुटली आणि संच, म्हणजे सलग करून दाखवायचे प्रकार, अर्धवट राहिला. गाडीवर मागे बसली होती, आणि स्वारगेटच्या सिग्नलला मी सुरू केलं, पाय नीट अडकवला नव्हतास ना, सर किती वेळा सांगतात. ती काही बोलली नाही. घरी आल्यावर बघितलं तर अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलली होती आणि मोजा रक्ताने चिकटला होता, तिने मला सांगितलंच नव्हतं. त्यानंतर जवळजवळ महिनाभर क्लासमधलं काहीही ती मला सांगायची नाही.

पुढच्या स्पर्धेतही नंबर आला नाही, पण यावेळी मी ठरवून गप्प बसले. आधी विचारलं भूक लागली का, मस्तानी घेतली दोघींनी, आणि घरी आलो. रात्री अंथरुणात तिनेच सुरू केलं, आई तिसऱ्या अढीला माझा श्वास तुटला. अर्धा तास बोलत होती. तर करायचं हेच, त्या दिवशी फक्त खायला घाला आणि ऐका. चुका सांगायला सर आहेत, ते त्यांचं काम आहे, आपण दुसरे सर व्हायचं नाही.

पैशाचं मुलांसमोर खरं बोला. दोरीच्या मल्लखांबाला महागडं सामान लागत नाही, पण बाहेरगावच्या स्पर्धा, प्रवास, राहणं यात पैसा जातो. आम्ही तिला सांगितलं की वर्षाला दोन बाहेरगावच्या स्पर्धा जमतील, कुठल्या ते तू आणि सर ठरवा. ती नाराज झाली नाही, उलट विचार करून निवडायला लागली.

नातेवाईक विचारणारच, यात करिअर आहे का, दहावीला काय करणार. मूल समोर असेल तर उत्तर आपण द्यायचं आणि लगेच द्यायचं, कारण त्या क्षणी ते आपल्या तोंडाकडे बघत असतं. मी सांगते की मल्लखांबाच्या हिमानी परबला अर्जुन पुरस्कार मिळालाय, मल्लखांबाचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ ला पद्मश्री मिळाली, आणि दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण असतात. त्यासाठी प्रत्येक सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये फोटो ठेवा, वेगळी फाईल करा, ऐनवेळी सापडत नाही. पण लेकीला मात्र मी सवलतीच्या गुणांसाठी कर असं कधीच म्हणत नाही.

झोप आणि एक सुट्टीचा दिवस यात तडजोड करू नका. आमच्याकडे रविवारी दोरीचं नावसुद्धा काढत नाही.

आणि "सोडायचंय" म्हणाली तर? सातवीत म्हणाली होती. आमचा नियम असा की हरल्याच्या किंवा भांडणाच्या दिवशी निर्णय नाही, हातातली स्पर्धा पूर्ण करायची आणि मग सुट्टीत बसून बोलायचं. तेव्हा कळलं की खेळ नको नव्हता, सोबतची मैत्रीण क्लास सोडून गेली होती म्हणून एकटं वाटत होतं. सरांशी बोलून बॅच बदलली. आता दिवाळीच्या सुट्टीत परत विचारणार आहे की पुढच्या वर्षी चालू ठेवायचं का, आणि नाही म्हणाली तरी ऐकायचं असं मी आणि तिच्या बाबांनी आधीच ठरवून ठेवलंय.