थीमवर आधारित स्काऊट शिबिर आखताना या चुका टाळा

लहान स्काऊट मुलांसाठी थीम ठरवून आखलेली उन्हाळी शिबिरे बहुधा एकाच पद्धतीने बिघडतात. पहिल्या दिवशी प्रवेशद्वाराशी पुठ्ठ्याचे जहाज उभे असते, मुलांच्या डोक्यावर कागदी टोप्या असतात आणि शिबिरप्रमुख कप्तानाच्या थाटात स्वागत करतात. तिसऱ्या दिवशी दुपारी ते जहाज वाऱ्याने आडवे झालेले असते, टोप्यांचा पत्ता नसतो आणि भांडी घासायची पाळी कोणाची यावरून दोन संघांत जुंपलेली असते. मग थीमच चुकली असा निष्कर्ष निघतो. वास्तविक ती खेळ आणि सजावट यांपुरतीच वापरलेली असते. पाणी भरणे, तंबू आवरणे, जेवणाची रांग, दुपारची विश्रांती अशा ज्या गोष्टींत शिबिराचा बराचसा वेळ जातो, तिथपर्यंत तिला कोणी नेलेलेच नसते.

थीम सजावटीपुरती ठेवणे

थीम निश्चित झाल्यावर रंग आणि पुठ्ठा आणायला धावण्याआधी शिबिरात रोज न चुकता होणाऱ्या कामांची यादी करावी आणि कथेत ते काम कोणाच्या वाट्याला येते हे प्रत्येक कामापुढे लिहावे. ज्या थीममध्ये ही जागा रिकामी राहते, ती थीम एका संध्याकाळच्या खेळाला पुरेल, आठवड्याच्या शिबिराला पुरणार नाही.

समुद्रसफरीचे उदाहरण घेऊ. जुन्या शिडाच्या जहाजांवर साधारणतः चार तासांची एक पाळी असे. दर अर्ध्या तासाला घंटेचा एकेक टोल वाढत जाई आणि आठ टोल पडले की पाळी बदले. अशी घंटा तळाच्या मध्यभागी टांगून पाणी, स्वयंपाकघर, स्वच्छता आणि पहारा यांच्या पाळ्या तिच्यावर बदलू लागल्या, की आता कोणाची पाळी हा वाद जवळजवळ मिटतो, कारण निर्णय कोणा मोठ्या माणसाने दिलेला नसून घंटेने दिलेला असतो. मुलांना चार तास फार होतात. टोल दर पंधरा मिनिटांनी दिल्यास आठ टोलांची पाळी दोन तासांत संपते.

पाण्याचेही तसेच करता येते. प्रत्येक तंबूबाहेर खुंटीला प्रत्येक मुलाच्या नावाची एक सुतळी बांधावी आणि बाटली रिकामी करून पुन्हा भरली की त्या मुलाने आपल्या सुतळीला एक गाठ मारावी. कथेत ही जहाजाच्या पाणीसाठ्याची नोंद असते. शिबिरप्रमुखाला मात्र दुपारी तंबूंवरून नुसती नजर फिरवली तरी कोणाच्या सुतळीवर एकच गाठ आहे हे दिसते आणि त्या मुलाचे डोके दुखू लागण्याआधी त्याच्याकडे लक्ष देता येते. गाठींचा सराव होतो तो वेगळाच.

थीम म्हणजे दर वेळी नाटकच हवे असेही नाही. ऑगस्ट १९०७ मध्ये स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे जे प्रायोगिक शिबिर घेतले, त्यात दिवसागणिक एक विषय नेमलेला होता: मोहीम आणि तळावरील जीवन, निरीक्षण, वनविद्या, शौर्य आणि सौजन्य, जीवरक्षण वगैरे. शेकोटीच्या गोष्टी, प्रात्यक्षिके आणि खेळ त्या विषयांना धरून होते. ज्या पथकाकडे मनुष्यबळ कमी आहे, त्याने भव्य कथानकाच्या मागे न लागता ही साधी मांडणी स्वीकारावी, असे माझे मत आहे.

जागा पाहण्याआधी थीम पक्की करणे

तारे आणि अंतराळ ही थीम ठरते, निमंत्रणे जातात आणि मग लक्षात येते की तळ दाट झाडीत आहे किंवा शिबिराचा आठवडा नेमका पौर्णिमेचा आहे. चांदण्याने फिकट झालेल्या आकाशात मुलांना चार ठळक ताऱ्यांपलीकडे फारसे काही दाखवता येत नाही. म्हणून आधी जागा पाहावी, आणि तीही सकाळच्या आल्हाददायक वेळी न पाहता भर दुपारी पाहावी, म्हणजे दोन वाजता सावली नेमकी कुठे पडते आणि त्या सावलीत सगळी मुले मावतात का, हे कळेल. तंबूंच्या जागेवर वर पाहावे, कारण वाळलेली किंवा अर्धवट मोडून लटकलेली फांदी निवांत रात्रीही खाली येऊ शकते. मग खाली पाहावे, कारण कोरडा ओढा किंवा खोलगट सपाट जागा तंबूसाठी कितीही सोयीची वाटली तरी एका जोरदार सरीत तिथे पाणी साचते. शौचाची आणि भांडी धुण्याची जागा पाण्याच्या स्रोतापासून किमान साठ मीटर दूर असावी. रुग्णवाहिका तळापर्यंत येऊ शकते का आणि फोनला रेंज कुठे मिळते, या दोन गोष्टी नकाशावर खुणा करून नोंदवाव्यात आणि तो नकाशा प्रत्येक प्रौढाकडे असावा.

पोशाखाचा सोस

झगे, मुखवटे आणि गळ्यात बांधलेले उपरणे छायाचित्रात शोभून दिसतात. पळताना मात्र मुखवट्यामुळे बाजूचे दिसत नाही, गळ्यातली गाठ फांदीत अडकते आणि कृत्रिम धाग्याचा झगा शेकोटीजवळ पेट घेऊन त्वचेला चिकटतो. ब्राऊनसीच्या शिबिरात बैल, लांडगे, कर्लू पक्षी आणि डोमकावळे अशा चार संघांची ओळख खांद्यावर लावलेल्या हिरव्या, निळ्या, पिवळ्या आणि लाल रंगांच्या लोकरीच्या गोंड्यांवरून होत असे. इतकेच पुरते.

उन्हाचा विचार दिनक्रमात न करणे

मोठी मोहीम दुपारच्या जेवणानंतर ठेवण्याची सवय शाळेच्या वेळापत्रकातून आलेली असावी. उन्हाळी शिबिरात ती महागात पडते. साधारण अकरा ते चार या वेळेत धावपळीचे काहीही ठेवू नये. नकाशे रंगवणे, गाठी, सांकेतिक लिपी, कथेचा पुढचा भाग ऐकणे अशा सावलीतल्या बैठ्या गोष्टी तिथे बसवाव्यात आणि मोठे खेळ सकाळी लवकर व संध्याकाळी घ्यावेत. पहिले एक-दोन दिवस तर शरीर उन्हाला सरावलेलेही नसते, तेव्हा लांबची पायपीट शिबिराच्या उत्तरार्धात ठेवलेली बरी.

तरीही एखादे मूल मलूल झाले तर काय करायचे, हे सर्व प्रौढांना आधीच पाठ असले पाहिजे. भरपूर घाम, डोकेदुखी, चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे ही उष्णतेने आलेल्या थकव्याची लक्षणे आहेत. मुलाला सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, अंग ओले करून वारा घालावा आणि घोट घोट पाणी किंवा क्षारयुक्त द्रावण द्यावे. लघवीचा रंग गडद होणे ही त्याच्याही आधीची सूचना असते, आणि मुलांना ती स्वतःची स्वतः ओळखायला शिकवता येते. मूल असंबद्ध बोलू लागले, गोंधळले किंवा बेशुद्ध होऊ लागले, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असू शकते. तोंडाने काहीही न पाजता थंड पाण्याने शरीर तत्काळ गार करायला लागावे आणि त्याच क्षणी दुसऱ्याने वैद्यकीय मदत बोलवावी. मदत येईपर्यंत गार करणे थांबवू नये.

मुलांच्या वयाचा अंदाज चुकणे

आखणी करणारे प्रौढ कथेच्या प्रेमात पडतात. गुप्त संदेश, दुहेरी हेर, पाच राज्यांचा इतिहास असे सगळे लिहून काढतात, आणि आठ वर्षांची मुले तिसऱ्या वाक्यालाच गवतातला नाकतोडा शोधू लागतात. खेळाचा नियम दोन मिनिटांत सांगून करून दाखवता येत नसेल, तर तो नियम कमी करावा. १९१६ मध्ये लहान मुलांसाठी वुल्फ कब शाखा सुरू झाली तेव्हा किपलिंग यांच्या ‘जंगल बुक’मधील कथांचा आधार घेण्यात आला, नेता म्हणजे अकेला (कथेतील लांडग्यांच्या कळपाचा प्रमुख), मुले म्हणजे त्याच्या कळपातली पिल्ले आणि कळपाचा एक कायदा, एवढी ती रचना सुटसुटीत होती आणि आजही अनेक देशांत ती चालते.

गुणफलक ही याच चुकीची दुसरी बाजू आहे. संघांचे गुण शिबिरभर साठवत गेले, की मागे पडलेल्या संघाला दुसऱ्याच दिवशी कळून चुकते की आपण जिंकणार नाही, आणि तिथून पुढे तो संघ खोड्या काढण्यात रमतो. गुण रोज रात्री शून्यावर आणावेत, किंवा प्रत्येक संघाने मिळवलेला तुकडा जोडल्याशिवाय नकाशा पूर्ण होणारच नाही अशी रचना करावी. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे, कारण त्यात पुढे गेलेला संघच मागच्यांना हात द्यायला येतो.

रात्रीचा खलनायक

अंधारात अचानक समोर येणारा चेटकीण किंवा समुद्री चाचा यांचा प्रसंग मोठ्यांना फार गमतीचा वाटतो. ज्या मुलाची घराबाहेरची ही पहिलीच रात्र आहे, त्याला तो झोपू देत नाही, आणि एक मूल रडू लागले की सगळा तंबू जागा होतो. पहिल्या रात्री अंधाराचा खेळ ठेवूच नये. शेकोटी, एखादी आनंदी गोष्ट आणि लवकर झोप पुरेशी आहे. घराची आठवण येणाऱ्या मुलाशी शांतपणे बोलावे, सकाळचे एखादे छोटे काम त्याच्यावर सोपवावे, मात्र ‘नाहीच करमले तर आई-बाबांना बोलावू’ असे वचन देऊ नये, कारण मग ते मूल त्या सुटकेचीच वाट पाहत बसते. पालकांनीही निघताना असे काही कबूल करू नये, हे त्यांना पूर्वसभेत स्पष्ट सांगावे.

नंतरच्या रात्री खेळ घेतल्यास हद्द दिवसाउजेडी चालून दाखवावी, मुलांना जोड्यांनी सोडावे, परतीच्या शिट्टीचा इशारा आधी दोनदा वाजवून ऐकवावा आणि खेळाच्या शेवटी नावानिशी हजेरी घ्यावी; नुसती डोकी मोजल्याने गोंधळ होतो.

पाऊस, वीज आणि स्वयंपाकघर

पावसाळी पर्याय म्हणून ‘तंबूत बसून गाणी’ एवढेच लिहिलेले असेल, तर पर्याय नाही असे समजावे. कथेतच वादळाचा एक भाग तयार ठेवावा आणि त्याचे साहित्य वेगळ्या जलरोधक पेटीत असावे. विजांच्या बाबतीत मात्र कथा बाजूला ठेवावी. गडगडाट ऐकू येताच सर्वांनी पक्क्या इमारतीत किंवा बंद छताच्या वाहनात जावे, तंबू आणि एकटे झाड दोन्ही असुरक्षित आहेत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये.

जेवणाला थीमची नावे द्यायला हरकत नाही, पण नव्या नावाखाली कोणते घटक आहेत हे लपता कामा नये. ॲलर्जी असलेल्या मुलांची यादी स्वयंपाकघरात डोळ्यांसमोर लावलेली असावी. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांहून अधिक आणि ३२ अंशांपेक्षा जास्त तापमानात एका तासाहून अधिक ठेवू नये. ‘मेजवानीचा देखावा’ मांडून मुलांची वाट पाहत बसणे म्हणूनच टाळावे.

थीम मध्येच कोसळली तर

सगळे नीट आखूनही कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसते की मुलांना कथेत रस नाही. अशा वेळी आवाज चढवून, आणखी पात्रे आणून तीच कथा रेटणे ही शेवटची चूक. त्या संध्याकाळी संघनायकांना बोलावून कोणत्या गोष्टीत मजा आली हे विचारावे; उत्तर बहुधा ओढ्यावर बांधलेला पूल किंवा पहाऱ्याची पाळी असे काहीतरी अगदी साधे असते. कथेचा शेवट त्याच रात्री शेकोटीवर करून टाकावा, जहाज बंदराला लागले असे जाहीर करावे, आणि उरलेल्या दिवसांत मुलांनी सांगितलेल्या त्या एका गोष्टीभोवती कार्यक्रम नव्याने बसवावा. घंटा, सुतळ्या आणि पाळ्या मात्र आहेत तशाच चालू ठेवाव्यात.