पीएम स्कॉलरशिपचा अर्ज "नाव जुळत नाही" म्हणून परत येत होता, असा सुटला

पप्पा आर्मीतून नाईक म्हणून रिटायर, आम्ही कळव्याला राहतो, मी इंजिनिअरिंगला. माजी सैनिकांच्या मुलांसाठीची पीएमएसएस, म्हणजे पीएम स्कॉलरशिप स्कीम, मुलींना महिना 3000, मुलांना 2500, बारावीला 60 टक्के लागतात. माझा अर्ज दोनदा परत आला. आधार तपासलं, बँकेचं पत्र नवीन आणलं, काही फरक नाही. घरात नुसती चिडचिड.

शेवटी पप्पांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे रिटायर होताना मिळालेलं, घरच्यांची नावं असलेलं पुस्तक उघडलं तर माझ्या जागी निळ्या शाईत "पिंकी", घरातलं नाव!

मग आधी मॅजिस्ट्रेटसमोर पप्पांचं अ‍ॅफिडेव्हिट केलं, की दोन्ही नावं एकाच मुलीची. त्याला जन्मदाखला, दहावीची मार्कशीट आणि आधार जोडून ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पप्पांच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे आर्मीत त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसला पाठवलं. तिकडून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीतला बदल जाहीर करणारी आर्मीची ऑर्डर आली, त्यात नाव बरोबर. त्यानंतरच माजी सैनिकाचं सर्टिफिकेट, म्हणजे अ‍ॅनेक्श्चर एक, नव्याने सही-शिक्क्यानिशी घेतलं, जुनं लावलं असतं तर परत तेच झालं असतं. सगळं ओरिजिनलवरून स्कॅन केलं, झेरॉक्सवरून नाही. अर्ज पास झाला, वर्षाचे 36000 एकदम खात्यात आले.

ऑर्डरला वेळ लागतो, त्यामुळे डिस्चार्ज बुक बारावीच्या आधीच बघून घ्या.