कॉट्सवोल्डमधलं दगडी घर बघायचं कसं

इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्डच्या गावात गेलात तर लगेच दारापाशी जाऊन फोटो काढू नका, आधी रस्त्याच्या पलीकडे उभं राहा आणि छप्पर बघा, भिंत नंतर. वळचणीला दगडी कौलं चांगली मोठी असतात आणि आढ्याकडे जाल तशी लहान लहान होत जातात. पावसाचं सगळं पाणी शेवटी वळचणीलाच येतं ना, म्हणून तिथे मोठी कौलं म्हणजे सांधे कमी, शिवाय वजन भिंतीवर जातं आणि खाणीतून निघालेला लहान तुकडाही वर कामी येतो. प्रत्येक कौल ओकच्या खुंटीवर टांगलेलं असायचं. छपराला उतार एवढा का तर हा दगड पाणी पितो, त्यामुळे पाणी झटकन खाली गेलं पाहिजे. मला तर अर्धं घर या छपरातच दिसतं.

मग भिंत. दगड जुरासिक काळातला चुनखडीचा, जवळून बघितलात तर गाबोळीसारखे बारीक गोल दाणे दिसतील. उत्तरेला चिपिंग कॅम्डनकडे तो मधाच्या रंगाचा (लोहामुळे) आणि दक्षिणेला पेन्सविककडे फिकट, कारण बैलगाडी-घोडागाडीच्या काळात दगड लांबून आणणं परवडायचं नाही, जवळच्या खाणीत जो निघेल तोच घराला.

आता दरजा बघा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यात भरलेला माल, हे बहुतेक लोक बघतच नाहीत. मऊसर, फिकट दिसतंय तर चुना, करडं आणि कडक दिसतंय तर सिमेंट. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंटने ती अडते आणि मग दगडाचेच पापुद्रे निघायला लागतात, शेकडो वर्षं टिकलेल्या भिंतीचं असं झालेलं बघून खरंच वाईट वाटतं.

खिडक्यांत उभे दगडी दांडे असतात आणि वर पुढे आलेली दगडी पट्टी, टोकांना खाली वळवलेली, म्हणजे पाणी काचेवर न येता बाजूने गळतं. वरचा मजला बऱ्याचदा छपरातच असतो म्हणून त्या खिडक्यांना स्वतःचं छोटं त्रिकोणी छप्पर.

हे सगळं एकत्र बघायचं तर बायबरी गावातली आर्लिंग्टन रो ही घरांची रांग. ही आधी १४व्या शतकातली लोकरीची वखार होती, १७व्या शतकात तिची विणकरांची घरं केली, म्हणून लांबलचक एकच रांग दिसते. आत माणसं राहतात, म्हणून खिडकीतून डोकावू नका. समोरच्या रॅक आयल नावाच्या पाणथळ कुरणाकडे वळा, विणकरांचं कापड तिथेच चौकटींवर वाळत घालायचे.