उत्कियाग्विक ते कॉट्सेब्यू: निघण्यापूर्वीची तयारी

अलास्काच्या उत्तर टोकावरील उत्कियाग्विक (२०१६ पर्यंतचे बॅरो) आणि पश्चिम किनाऱ्यावरील कॉट्सेब्यू यांच्यातील हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर आहे, आणि अंतर मोजून देणारी संकेतस्थळे त्यावरून तासाभराचा प्रवास सांगून मोकळी होतात. हे उत्तर आधी खोडून टाकावे. दोन्ही गावांना बाहेरून येणारा रस्ता नाही आणि मोठी प्रवासी विमाने दक्षिण अलास्कातील अँकरेज शहरामार्गे चालतात. त्यामुळे प्रथम दक्षिणेला सुमारे १,१६० आणि मग वायव्येला सुमारे ८८० किलोमीटर, म्हणजे सरळ अंतराच्या जवळजवळ पावणेचारपट उडावे लागते. हवेतच साडेतीन तासांच्या आसपास जातात. विमान वाटेत डेडहॉर्स किंवा नोम या गावी उतरणार असेल तर अधिक. अँकरेजमधला थांबा वेगळा धरावा. दोन्ही गावांची घड्याळे एकच वेळ दाखवतात, तेवढा एक हिशेब वाचतो.

आता मुख्य गोष्ट: दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. वेगवेगळी तिकिटे काही वेळा स्वस्त दिसतात, वेळाही सोयीच्या दिसतात, पण पहिले विमान उशिरा आले की दुसऱ्या तिकिटाच्या लेखी आपण न आलेले प्रवासी ठरतो आणि परतीचा टप्पाही त्याच तिकिटावर असल्यास तोही रद्द होऊ शकतो. एकाच तिकिटावर असल्यास पुढच्या विमानात जागा देणे कंपनीकडे येते. उन्हाळ्यात उत्कियाग्विकवर आर्क्टिक महासागरावरून धुके येते, हिवाळ्यात वारा जमिनीवरचे हिम उडवून धावपट्टी दिसेनाशी करतो. उशीर हा तेथे अपवाद मानून चालत नाही. (नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत तेथे सूर्य उगवत नाही, पण निव्वळ अंधारामुळे विमाने थांबत नाहीत.) तिकीट दुसऱ्या कोणी काढून दिले असेल तर दोन्ही टप्प्यांचा आरक्षण क्रमांक एकच आहे ना, हे स्वतः पाहावे.

तिकीट एक असले तरी अँकरेजमध्ये एक रात्र हाताशी ठेवावी, कारण हवामानामुळे अडकल्यास राहण्याचा खर्च बहुधा आपल्यालाच करावा लागतो.

किनाऱ्यावरच्या लहान गावांमधून छोट्या विमानांनी टप्प्याटप्प्याने जाता येईल, असे नकाशा पाहून वाटते. हा मोह टाळावा. अशी विमाने हवामानावर अधिक अवलंबून असतात, प्रवाशाचेही वजन विचारतात, सामानाला जागा थोडी असते, आणि तेथे पुन्हा वेगवेगळ्या तिकिटांचाच प्रश्न उभा राहतो.

पासपोर्ट आणि व्हिसा सांगायला नकोत. जाड कोट, टोपी, हातमोजे आणि औषधे हातातल्या पिशवीत असावीत, कारण दोन्ही विमानतळांवर उघड्यावर उतरून चालत आत जावे लागते आणि मोठी बॅग त्याच विमानाने येईलच असे नाही.

राहण्याच्या जागा मोजक्याच आहेत, त्या आधी ठरवाव्यात. उतरल्यावर न्यायला कोण येणार ते विचारून ठेवावे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही ठिकाणचे हवामान पाहावे आणि आरक्षण क्रमांक पुन्हा एकदा तपासावा. दोन दिसले तर त्याच वेळी कंपनीला फोन करावा, विमानतळावर पोहोचेपर्यंत थांबू नये.