पोटाची भूक, जिभेची भूक आणि टेन्शनची भूक: ओळखायची कशी आणि मग करायचं काय

कुणाची शुगर निघाली किंवा वजन वाढलं की आपल्याकडं सगळ्यांचा सल्ला एकच, तोंडावर कंट्रोल ठेव. मला हे अजिबात पटत नाही. कधी पोट मागतं, कधी जीभ मागते, कधी नुसतं मन सैरभैर झालेलं असतं आणि हात डब्यात जातो, मग तिन्हीला एकच औषध कसं चालंल?

आधी ओळखायचं. स्वतःला विचारा, आत्ता समोर भाकरी आणि मुगाची आमटी आली तर खाणार का? हो, लगेच, असं उत्तर आलं तर ती पोटाची भूक. आमटी नको पण कटवडा असंल तर बघू, ही जिभेची. आणि काय पाहिजे तेच कळत नाही, एक डबा उघडला, बंद केला, दुसरा उघडला, फ्रीजपुढं उभं राहिलं, तर बहुतेक ती मनाची. पोटाची भूक हळूहळू चढते, मनाची एकदम येते, बहुतेक वेळा भांडण किंवा ऑफिसच्या फोननंतर.

पोटाची असेल तर जेवा, विषय संपला. जठरातून घ्रेलिन नावाचं हार्मोन सुटतं (१९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं), ते मेंदूला भूक लागल्याचं कळवतं आणि रोजच्या जेवणाच्या वेळेच्या आसपास वाढतं, म्हणून एक वाजता जेवणाऱ्याला एकलाच भूक लागते. दुसरं लेप्टिन, हे चरबीच्या पेशींतून येतं आणि अंगात साठा किती आहे ते मेंदूला सांगतं. झटपट डाएट करून वजन उतरवलं की लेप्टिन पण उतरतं आणि भूक वाढते, यात तुमची जिद्द कमी पडली असं काही नसतं. अमेरिकेत मिनेसोटाला १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून बघितलं होतं, तर त्यांच्या डोक्यात दिवसरात्र खाण्याशिवाय काही उरलं नाही, काहीजण तर पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागले.

आपल्या घरातल्या बायकांचं बघा. सकाळी चहा, मग डबे, पोरं, सासू-सासरे, सगळ्यांची जेवणं आटपून अडीच-तीनला ओट्यापाशी उभ्या उभ्या उरलेली चपाती आणि पातेल्यात राहिलेला भात, का तर वाया जायला नको. संध्याकाळी मग भडंगाचा डबा पुढ्यात येणारच. इथं भडंग लपवून काही होत नाही, दुपारचं ताट वेळेवर वाढून घ्यायचं, बसून, त्यात उसळ किंवा डाळ किंवा अंडं असू दे, आणि निवांत जेवायचं कारण पोट भरल्याचं मेंदूला नीट कळायला पंधरा-वीस मिनिटं जातात.

आता जीभ. तिला शत्रू समजू नका. मिसळीचा कट कपाळावर घाम आणतो कारण मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या नसा चाळवतं, आणि त्यातच मजा असते, ती सोडून द्या असं मी कुणालाच सांगणार नाही. पण एक ओळखून ठेवा, एकाच चवीचा कंटाळा येतो आणि नवी चव आली की पोटात पुन्हा जागा होते. तांबडा-पांढरा रस्सा ओरपून, मटण खाऊन बटण तुटायला आलेलं असतं, तरी कुणी म्हटलं चला कॉकटेल आइस्क्रीम खाऊ, तर सगळे उठतात! म्हणून एका बैठकीला एकच चैन. मिसळ तर मिसळ, दुकानात बसून, मोबाईल खिशात ठेवून, पार्सल नाही. खरी अडचण पाकिटातल्या मालाची आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं खाणं आणि दोन आठवडे साधं घरच्यासारखं खाणं देऊन पाहिलं, समोर ठेवलेल्या जेवणात साखर, मीठ, चरबी जवळपास सारखीच, पाहिजे तेवढं खा म्हणून सांगितलेलं, तरी पाकिटातलं खाताना माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि खायचा वेगही जास्त होता. तेव्हा चिप्स-बिस्किटांचा साठा घरात भरूच नका, पाहिजे तेव्हा जाऊन एक छोटं पाकीट आणा.

मनाची भूक सगळ्यात अवघड. पोर रडलं की हातात बिस्किट, पास झालं की पेढा, असंच वाढलोय आपण, त्यामुळं दुःखात खाणं हे काही पाप नाही. टेन्शन लांबलं की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं आणि गोड-तेलकटाची ओढ वाढते, झोप कमी झाली तरी भूक वाढते. यावर काय करायचं? खाऊ नको म्हणायचं नाही, दहा मिनिटांनी खातो म्हणायचं, आणि त्या दहा मिनिटांत नक्की काय खुपतंय ते एका वाक्यात बोलून टाकायचं, बायकोला, मित्राला, नाहीतर कागदावर. राग असंल तर रंकाळा तलावावर चालून या, एकटं वाटत असंल तर कुणाला तरी फोन लावा, दमला असाल तर सरळ झोपा. त्यानंतरही खावंसं वाटलं तर ताटलीत काढून घ्या, बसून खा, आणि दुसऱ्या दिवशी त्याची शिक्षा म्हणून उपास धरू नका, त्यातनं परत तोच खेळ सुरू होतो.

घरातल्यांनी ताटाकडं बघून टोमणे मारणं आधी बंद करावं, त्यानं खाणं कमी होत नाही, ते लपून व्हायला लागतं. आणि कुणी वारंवार लपून, थांबताच येत नाही असं खात असेल किंवा खाऊन मुद्दाम उलटी काढत असेल तर तो आजार आहे, मानसोपचार डॉक्टरांना दाखवा, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी मात्र भूक लागली की दहा मिनिटं थांबायचा प्रयोग करू नये, आधी शुगर तपासा आणि कमी असेल तर लगेच साखर तोंडात टाका.