परदेशी समकालीन नृत्य नागपूरच्या रंगमंचावर आणायचं कसं?

फक्त नागपूरसाठी बर्लिनहून कुणी येणार नाही, हे आधी मान्य करा. आठ-दहा जणांची विमानभाडी एका प्रयोगाच्या तिकिटांतून निघत नाहीत. म्हणून भारतात तसाही येणारा नर्तकांचा संच गाठायचा. मुंबईचं एनसीपीए हे कलाकेंद्र, गोव्यात डिसेंबरात भरणारा सेरेंडिपिटी कला महोत्सव यांच्या कार्यक्रमांवर नजर ठेवा. मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनाला (जर्मनीची सांस्कृतिक संस्था) आणि दिल्लीच्या प्रो हेल्वेशियाला (स्वित्झर्लंडची कलासंस्था) सहा-आठ महिने आधी मेल टाका, आणि दोन शहरांमधला रिकामा दिवस मागा. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही रेल्वेमार्ग इथूनच जातात, मोठ्या शहरांची थेट विमानंही आहेत. पहिल्या वेळी दोघा-तिघांचीच रचना बोलवा.

तारीख ठरवताना मे महिना सोडा, हे सांगायला नको. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सच्या आसपास हॉटेलात खोली मिळत नाही. जानेवारी उत्तम, फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षा लागल्या की पालक घराबाहेर पडत नाहीत.

कागदपत्रांचं काम सीएकडे सोपवा. अनिवासी परदेशी कलाकाराच्या मानधनातून साधारण २० टक्के कर आणि वर उपकर कापावा लागतो. करारातली रक्कम कर धरून की वगळून, हे तिथेच लिहून घ्या. कलाकार पर्यटक व्हिसावर येता कामा नयेत. परदेशी पाहुणा उतरल्याची माहिती हॉटेलला २४ तासांत सरकारला ऑनलाइन कळवावी लागते.

आता जमीन. पोस्टरवर खर्च करण्याआधी रंगमंच बघायला जा. सुरेश भट सभागृहात सुमारे २,००० खुर्च्या आहेत. अशा प्रयोगाला ते फार मोठं. देशपांडे सभागृह किंवा लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह बघा. संचाच्या टेक्निकल रायडरमध्ये, म्हणजे रंगमंच-प्रकाशाच्या गरजांच्या यादीत, मापं मीटरमध्ये असतात. दहा मीटर म्हणजे जवळपास ३३ फूट, तेही विंगा सोडून. टेप घेऊन स्वतः मोजा. मग फळ्यांवर टाच आपटून बघा. खाली सिमेंट असेल तर उड्यांनी गुडघे आणि नडगी दुखावते. अशा वेळी लाकडी पट्ट्यांवर प्लायवूड ठोकून घ्यायचं आणि वर व्हायनिलची मॅट अंथरून सांधे चिकटपट्टीने बंद करायचे. मॅट इथे मिळत नसेल तर मुंबईहून भाड्याने मागवा. लाइटवाल्याला स्पष्ट सांगा: धूर नको, एलईडी भिंत नको, विंगांतून आडवा प्रकाश हवा. तो ‘ऑर्केस्ट्रा नाही का मग?’ विचारेल. विचारू द्या.

एकदा मॅट अंथरली की तिच्यावर समई, रांगोळी, हार-पाकळ्या काहीही येऊ देऊ नका. तेलाचा एक थेंब नाचणाऱ्याला पाडायला पुरतो. दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळ दारातल्या मोकळ्या जागेत उरकून घ्या, पाहुण्यांची भाषणंही तिथेच. पुढच्या रांगेत सोफे लावू नका. तिथून नर्तकांची पावलं दिसत नाहीत.

प्रेक्षक जाहिरातीने येत नाही, ओळखीने येतो. शहरातल्या भरतनाट्यम-कथकच्या क्लासेसना, वेस्टर्न डान्स शिकवणाऱ्या पोरांना आणि नाटकवाल्यांना आदल्या दिवशी दोन तासांच्या कार्यशाळेला बोलवा. तिथे घाम गाळलेली मुलगी आई-बाबांना घेऊन येतेच. ‘पासेस आहेत का बाप्पा?’ हा फोन येणारच. विद्यार्थ्यांना १०० रुपयांत बसवा, पण फुकट पास वाटू नका. फुकटातल्या खुर्च्या ऐनवेळी रिकाम्या राहतात.

पत्रिकेवर प्रयोगाची लांबी छापा, ‘५५ मिनिटं, मध्यंतर नाही’ असं. साडेसहा म्हणजे साडेसहा. उशिरा येणाऱ्यांसाठी मागच्या दोन रांगा राखून ठेवा आणि दारावर खमका माणूस उभा करा.

प्रयोगानंतर अर्धा तास गप्पा ठेवा, मराठी-हिंदीत दुभाष्या घेऊन. पहिले दोन प्रश्न सूत्रसंचालकानेच विचारावेत: तालीम कशी करता, कोणती हालचाल बसवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ‘यातून संदेश काय?’ हा प्रश्न प्रेक्षकांतून येईलच, त्याला घाबरायचं कारण नाही.