पहिल्या दहा किलोमीटरपासून साताऱ्याच्या घाटापर्यंत : नव्याने धावू लागलेल्यांसाठी

वयाच्या ४१व्या वर्षी मी धावायला सुरुवात केली, तेव्हा पुण्यातल्या तळजाई टेकडीवरच्या मातीच्या वाटेवर मला एका दमात दोनशे मीटरही धावता येत नव्हते. पुढच्या दोन वर्षांत मी दहा किलोमीटरच्या दोन शर्यती आणि साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे सुमारे २१.१ किलोमीटर, पूर्ण केली. या काळात झालेल्या चुका आज तपासून पाहते तेव्हा त्यांतल्या बहुतेकींचे मूळ एकच दिसते : मी गरजेपेक्षा जोरात धावत होते. सरावातही आणि शर्यतीतही. म्हणून या लेखात बूट, आहार, वेळापत्रक असे सगळे विषय येणार असले, तरी मी पुन्हा पुन्हा सावकाश धावण्याकडेच वळणार आहे.

आधी एक आवश्यक गोष्ट. चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल किंवा जिना चढताना छातीत दुखत असेल, तर बूट घेण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. धावताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे; विश्रांतीने बरे वाटले म्हणून ते अंगावर काढू नये.

पहिले दहा आठवडे

सुरुवात चालण्यातून करावी. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, पाच-सात मिनिटे भराभर चालल्यावर एक मिनिट धावायचे आणि दोन मिनिटे चालायचे, अशा आठ ते दहा फेऱ्या पुरतात. दोन आठवड्यांनी दोन मिनिटे धावणे आणि दोन मिनिटे चालणे, नंतर तीनास एक, मग पाचास एक असे प्रमाण बदलत नेले, की साधारण आठ ते दहा आठवड्यांत सलग अर्धा तास धावता येऊ लागते. एखादा टप्पा जड गेला तर तोच आठवडा पुन्हा करावा. मला तीनास एक या टप्प्यावर तीन आठवडे लागले आणि त्याने पुढे काहीच अडले नाही.

वेग किती ठेवावा, याचे उत्तर घड्याळापेक्षा आपला श्वास अधिक खरे देतो. धावताना शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर वेग जास्त आहे, मग तो कितीही कमी वाटत असो. हे ऐकायला सोपे असले तरी पाळायला कठीण आहे, कारण एवढ्या हळू धावण्याची लाज वाटते आणि चालणारे आजोबा आपल्याला मागे टाकून जातात. परंतु त्यामागचे कारण पक्के आहे. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच सरावतात, तर स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना आणि हाडांना भार पेलण्याइतके मजबूत व्हायला महिने लागतात. दम टिकू लागला म्हणून वेग वाढवला, की नडगीच्या आतल्या बाजूला किंवा टाचेखाली दुखणे सुरू होते. माझी नडगी सातव्या आठवड्यात दुखू लागली आणि त्यात पंधरा दिवस गेले.

बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळे यांनी २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. किलोमीटरला तीन मिनिटेही न लागणारा हा वेग आहे. मात्र या पातळीचे धावपटूदेखील सरावातले बहुतेक किलोमीटर शर्यतीच्या वेगाहून पुष्कळ सावकाश धावतात. आपण नवखे लोक मात्र रोजचा सराव हीच शर्यत असल्यासारखे धावतो.

जागेविषयी माझे मत ठाम आहे : पर्याय असेल तर सिमेंटचा रस्ता टाळावा. तळजाई, वेताळ टेकडी, विद्यापीठाचा परिसर किंवा शाळेचे मैदान, जिथे माती मिळेल तिथे धावावे. पहाटे अंधारात धावणाऱ्या स्त्रियांनी शक्यतो दोघी-तिघींनी मिळून निघावे, घरी वाट सांगून जावे आणि कानात काही घालू नये. रस्त्यावरचे कुत्रे अंगावर आले तर पळू नये. थांबून, त्याच्याकडे नजर न रोखता, हळूहळू चालत पुढे जावे.

बूट आणि कपडे

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि लांब धावतानाही ते तसेच सुजतात. ज्या मोज्यांत धावणार आहात तेच घालून बूट चढवावेत आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरते का, ते पाहावे. मला एका दुकानात नेहमीच्या चपलेच्या मापाचेच बूट 'घट्ट बसतात, तेच बरे' असे सांगून देण्यात आले. त्या बुटांनी उतारावर पायाच्या दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली आणि नंतर गळून गेली. किंमत आणि रंग यांपेक्षा ही अंगठ्याएवढी जागा महत्त्वाची आहे. साधारण सहाशे ते आठशे किलोमीटरनंतर तळवा दबतो आणि बूट बदलावे लागतात. मोजे सुती नसावेत, कारण ओले सूत घासते आणि फोड येतात. काखा, मांड्यांच्या आतल्या बाजू आणि स्त्रियांना अंतर्वस्त्राच्या पट्टीखाली लांब पल्ल्यात चट्टे पडतात. तिथे निघण्यापूर्वी व्हॅसलीन लावावे. पुरुषांनी स्तनाग्रांवर चिकटपट्टी लावावी, नाहीतर दोन तासांनी सदऱ्यावर रक्ताचे डाग दिसतात.

पहिली शर्यत

माझी पहिली दहा किलोमीटरची शर्यत डिसेंबरमधल्या एका थंड सकाळी होती. सरावात मी किलोमीटरला साडेसात मिनिटे या वेगाने धावत होते, म्हणजे हिशेबाने एक तास पंधरा मिनिटे लागायला हवी होती. बंदुकीचा आवाज झाला, ढोल वाजू लागले, चहूबाजूंनी माणसे पुढे सरकू लागली आणि मी पहिला किलोमीटर सहा मिनिटे वीस सेकंदांत पूर्ण केला. त्या क्षणी मला अतिशय हलके वाटत होते आणि तेच फसवे होते. सातव्या किलोमीटरला पाय शिशासारखे जड झाले, उजव्या बरगडीखाली कळ आली आणि उरलेल्या अंतरात मी धावण्यापेक्षा चाललेच अधिक. वेळ लागली एक तास बावीस मिनिटे.

तेरा महिन्यांनी दुसऱ्या शर्यतीत मी मुद्दाम गर्दीच्या मागच्या भागात उभी राहिले आणि पहिले दोन किलोमीटर आठ मिनिटांच्या वेगाने धावले. त्या वेळी शेकडो लोक मला ओलांडून गेले. सहाव्या किलोमीटरनंतर त्यांतले बरेच जण मला पुन्हा भेटू लागले. दुसरे पाच किलोमीटर पहिल्या पाचांपेक्षा दोन मिनिटे कमी वेळात झाले आणि एकूण वेळ एक तास सोळा मिनिटे आली. दोन्ही शर्यतींत माझ्या तयारीत फार मोठा फरक नव्हता. फरक पहिल्या दोन किलोमीटरांत होता.

शर्यतीच्या दिवसाचे काही व्यवहार आधी माहीत असलेले बरे. छातीवर लावायचा क्रमांक, म्हणजे बिब, बहुधा आदल्या एक-दोन दिवसांत ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. त्यावर किंवा बुटाच्या लेसला वेळ मोजणारी चिप असते. ती सुरुवातीच्या रेषेवरच्या पट्ट्यावरून गेल्यावर तुमची स्वतःची वेळ सुरू होते, त्यामुळे मागे उभे राहिल्याने काही बिघडत नाही. बिबच्या मागे रक्तगट आणि घरच्यांचा फोन क्रमांक लिहावा. शौचालयांपुढे मोठ्या रांगा असतात, म्हणून तासभर आधी पोहोचावे. पाण्याच्या टेबलाशी एकदम थांबू नये. पेला घेऊन कडेला व्हावे, चालत प्यावे आणि मग पुढे निघावे. नवे बूट, नवा सदरा, नवीन नाश्ता यांपैकी काहीही त्या दिवशी प्रथमच वापरू नये. वेदनाशामक गोळी खाऊन धावणे हा प्रकार मी अनेकांना करताना पाहिला आहे आणि तो धोक्याचा आहे, कारण शरीरातले पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्यांचा मूत्रपिंडांवर ताण येतो.

एकवीस किलोमीटरची तयारी

दहा किलोमीटर आरामात होऊ लागल्यावरच हाफचा विचार करावा. मी सोळा आठवडे घेतले. आठवड्यात दोन छोटे सराव, पाच-सहा किलोमीटरांचे, आणि रविवारी एक लांब पल्ला. रविवारचे अंतर आठपासून सुरू करून दर आठवड्याला एकेक किलोमीटर वाढवत दहापर्यंत नेले आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा आठवर आणले. नंतर अकरा, बारा, तेरा आणि उतरून दहा. मग चौदा, पंधरा, सोळा आणि उतरून बारा. तेराव्या आठवड्यात अठरा. त्यानंतर चौदा, मग नऊ आणि सोळाव्या रविवारी शर्यत. दर चौथा आठवडा हलका ठेवणे अनेकांना वेळ वाया घालवणे वाटते, पण शरीर मजबूत होते ते त्या विश्रांतीतच. सरावात एकवीस पूर्ण करून पाहण्याची गरज नसते. शिवाय आठवड्यातून दोनदा घरीच वीस मिनिटे उठाबशा, एका पायावर उभे राहणे आणि पायरीवर उभे राहून टाचा वर-खाली करणे, एवढे केले तरी गुडघे आणि पोटऱ्या सांभाळल्या जातात.

साताऱ्याची शर्यत पावसाळा सरत आलेला असताना होते आणि तिचा मार्ग शहरातून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेने चढतो व त्याच वाटेने परत येतो. रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावलेल्या ललिता बाबर याच जिल्ह्यातल्या, दुष्काळी माण तालुक्यातल्या. अशा जिल्ह्यातल्या घाटात हजारो साधी माणसे पहाटे धावायला येतात, हे पाहून माझे मन भरून आले होते.

चढावर घड्याळ पाहू नये. सपाटीवरचा वेग नव्हे, तर सपाटीवर जेवढा श्वास लागतो तेवढाच श्वास चढावरही राखायचा. मग किलोमीटरला दहा मिनिटे लागली तरी चालेल. पावले आखूड टाकावीत, हात जोराने हलवावेत, कमरेत वाकू नये आणि नजर आठ-दहा मीटर पुढे ठेवावी. तीव्र वळणावर न लाजता चालावे. भराभर चालणारा आणि रखडत धावणारा यांच्या वेगात तिथे फरक नसतो. या सरावासाठी मी महिन्यातून दोनदा पुण्याजवळच्या बोपदेव घाटात जात असे.

मात्र घाटातली खरी परीक्षा उतारावर असते. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना लांबत असतानाच शरीराचा भार पेलून प्रत्येक पावलाला ब्रेक लावावा लागतो आणि त्यात त्यांचे तंतू दुखावतात. म्हणून चढून गेल्यावर नव्हे, तर उतरून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या सर्वाधिक दुखतात. मागे रेलून टाचांवर आदळत उतरू नये. अंग किंचित पुढे झुकलेले, गुडघे सैल, पावले आखूड आणि भराभर असावीत. उतार मोकळा दिसला म्हणून सुसाट सुटलेले कितीतरी जण शेवटच्या तीन सपाट किलोमीटरांत पाय धरून बसलेले मी पाहिले. चढाइतकाच उताराचाही सराव करावा, हे मला कुणी आधी सांगितले नव्हते, म्हणून इथे आवर्जून सांगते.

आहाराचे सूत्र साधे आहे. आदल्या संध्याकाळी लवकर वरणभात, तूप आणि लोणच्याची फोड. उसळ, कोबी, कच्ची कोशिंबीर आणि तिखट रस्सा टाळावा. पहाटे निघण्यापूर्वी दीड-दोन तास आधी केळे आणि दोन पाव पुरतात. दीड तासाहून अधिक धावायचे असेल तर स्नायूंतली साखर संपू लागते, त्यामुळे चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनंतर थोडे थोडे गोड खावे. चिक्कीचा चुरा कोरड्या घशाला लागतो. बी काढलेले खजूर मला सर्वांत सोयीचे वाटले. पाणी घोटघोट आणि तहानेप्रमाणे प्यावे. भीतीपोटी प्रत्येक टेबलावर पोटभर साधे पाणी पिणेही घातक असते, कारण रक्तातले सोडियम पातळ होते. दोन तासांच्या पुढे क्षार-साखरेचे पाणी आलटून पालटून घ्यावे.

मला साताऱ्यात तीन तास पाच मिनिटे लागली. नाव नोंदवण्यापूर्वी शर्यतीची कमाल वेळमर्यादा आपल्या वेगाशी पडताळून पाहावी. शेवटची रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नये. दहा मिनिटे चालावे, कोरडे कपडे घालावेत आणि अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी खावे. पावसात भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते सावलीत ठेवले आणि दोन-तीनदा कागद बदलला, की दुसऱ्या दिवसापर्यंत ते वाळतात. मी मात्र ते पुढचे दहा दिवस वापरले नाहीत. पहिले चार दिवस फक्त चालले, जिना कठड्याला धरून उतरले आणि अकराव्या दिवशी तळजाईवर तीन किलोमीटर, शेजारच्या काकूंशी बोलत बोलत, धावून आले.